‘नॉरॲड पाचवर आहे’ म्हणजे नेमके किती?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘पेशंट बीपीच्या सपोर्टवर आहे.’ हा सपोर्ट म्हणजे बहुतेक वेळा नॉरॲड्रिनॅलीन. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये पातळ करून भरलेले हे औषध पंपाने हळूहळू शिरेत सोडले जाते आणि सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब वर आणते. वॉर्डात त्याला ‘नॉरॲड’ म्हणतात. पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला सांगते, ‘नॉरॲड पाचवर आहे.’ दुसऱ्या रुग्णालयात हलवायच्या रुग्णाच्या चिठ्ठीतही तेच लिहिलेले असते. पाच म्हणजे ताशी पाच मिली. आमची तक्रार याच पाचबद्दल आहे. ताशी पाच मिली ही फक्त द्रवाची मोजणी झाली. त्यात औषध किती आहे हे त्यावरून कळत नाही, आणि हे औषध असे आहे की दुप्पट गेले तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, निम्मे गेले तर मूत्रपिंडे बंद पडू शकतात.

हिशेब करून पाहू. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या २ मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये (काचेच्या कुपीत) नॉरॲड्रिनॅलीन बेस, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे औषध, २ मिलिग्रॅम असते. अशा दोन ॲम्प्यूल ४६ मिली द्रवात मिसळल्या की ५० मिलीत ४ मिलिग्रॅम, म्हणजे मिलीमागे ८० मायक्रोग्रॅम होतात. याला सिंगल स्ट्रेंथ म्हणायची पद्धत आहे. चार ॲम्प्यूल घातल्या की डबल, १६० मायक्रोग्रॅम. आठ घातल्या की क्वाड, ३२०. आता ६० किलो वजनाचा रुग्ण घ्या. ‘पाचवर’ असलेल्या या रुग्णाला सिंगलमध्ये किलोमागे मिनिटाला ०.११ मायक्रोग्रॅम मिळते, डबलमध्ये ०.२२ आणि क्वाडमध्ये ०.४४. पहिला आकडा सौम्य आधाराचा आहे. तिसरा आकडा सांगतो की रुग्ण अत्यवस्थ आहे, दुसरे औषध जोडायची वेळ उलटून चालली आहे आणि नातेवाइकांशी स्पष्ट बोलायला हवे. तिन्ही चिठ्ठ्यांवर मात्र एकच अक्षर : पाच.

त्यात भर पडते ती लेबलाची. औषध ॲम्प्यूलमध्ये बायटार्ट्रेट या क्षाराच्या रूपात असते. २ मिलिग्रॅम क्षारात काम करणारे नॉरॲड्रिनॅलीन सुमारे १ मिलिग्रॅम. त्यामुळे एकाच ॲम्प्यूलवर एक कंपनी क्षाराचे ४ मिलिग्रॅम ठळक छापते, दुसरी बेसचे २ मिलिग्रॅम ठळक छापते, आणि उरलेला आकडा तांबूस काचेवर सुईच्या टोकाएवढ्या अक्षरात राहतो. वरून ४ मिलीच्या ॲम्प्यूलही बाजारात आहेत. त्यांत बेस ४ मिलिग्रॅम. रात्री दोन वाजता नातेवाईक चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलमध्ये जातो. चिठ्ठीवर असते ‘नॉरॲड ५ ॲम्प’. दुकानदार जे शिल्लक आहे ते देतो. संध्याकाळपर्यंत २ मिलीच्या ॲम्प्यूल वापरल्या जात होत्या, आता ४ मिलीच्या आल्या. सिस्टर नेहमीप्रमाणे दोन फोडते आणि सिरिंज दुप्पट तीव्र होते. उलट, ‘४ मिलिग्रॅम’ हा क्षाराचा आकडा बेसचा समजून कोणी एकच ॲम्प्यूल घातली तर सिरिंज निम्मी होते. सगळ्या शक्यता एकत्र धरल्या तर ‘पाचवर’चा अर्थ ०.०५५ पासून ०.४४ पर्यंत, निदान आठपट पसरतो. यात निष्काळजीपणा कोणाचाच नाही. पद्धतच अशी आहे की चूक होणारच.

म्हणून पहिली गोष्ट : डोस नेहमी बेसमध्ये आणि मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट असा बोलावा, लिहावा. अमेरिका व युरोपच्या अतिदक्षता संघटनांच्या संयुक्त गटाने २०२४ साली संशोधनात नॉरॲड्रिनॅलीनचा डोस बेसमध्येच नोंदवावा अशी शिफारस केली, कारण देशोदेशीचे आकडे एकमेकांशी जुळेनात. ब्रिटनमध्ये अतिदक्षता सोसायटीने ५० मिलीत किती मिलिग्रॅम घालायचे याची ठरावीक प्रमाणेच आखून दिली आहेत. आपल्याकडे हे प्रत्येक रुग्णालयाच्या, कधी कधी तर प्रत्येक पाळीच्या डॉक्टरच्या सवयीवर सोडलेले आहे. सूत्र अवघड नाही. डोसला वजनाने आणि ६० ने गुणायचे, मिलीमागच्या मायक्रोग्रॅमने भागायचे. उत्तर ताशी मिलीत येते. ०.१ गुणिले ६० किलो गुणिले ६०, भागिले ८० : ताशी साडेचार मिली. हा हिशेब पहाटे डोक्यात करायला लावू नये, इतकेच. ४० पासून १०० किलोपर्यंतच्या वजनांचा तक्ता करून तो प्रत्येक पंपाशेजारी चिकटवावा. आणि वजन अंदाजे धरले असेल तर ‘अंदाजे’ असे लिहावे. नंतर कोणी खरे वजन टाकले की डोसचा आकडा बदलतो, रुग्ण मात्र तोच असतो, आणि कुणाला तरी वाटते तब्येत बिघडली.

सिरिंज भरण्याविषयी थोडक्यात. पातळ करायला पाच टक्के डेक्स्ट्रोज चांगले, कारण त्यात औषधाचे ऑक्सिडीकरण कमी होते; नॉर्मल सलाईनही पुष्कळ ठिकाणी वापरतात. गुलाबी किंवा तपकिरी झालेले औषध टाकून द्यावे. सोडियम बायकार्बोनेट त्याच नळीतून कधीही देऊ नये, अल्कलीत हे औषध निकामी होते. सिरिंजवरच्या पट्टीवर रुग्णाचे नाव, औषधाचे पूर्ण नाव, एकूण बेस मिलिग्रॅम, एकूण मिली, मिलीमागे किती मायक्रोग्रॅम, तारीख, वेळ आणि दोन सह्या हव्यात. दुसरी सही म्हणजे भरून झालेल्या सिरिंजवर मारलेला शेरा नव्हे. दुसऱ्या व्यक्तीने ॲम्प्यूल फोडण्याआधी ती वाचायची, आणि रिकाम्या ॲम्प्यूल पट्टी चिकटेपर्यंत ट्रेमध्येच ठेवायच्या. ट्रेमध्ये किती कवच आहेत हे मोजले तरी निम्म्या चुका तिथेच सापडतील असे आमचे मत आहे.

आता नळीविषयी, कारण सर्वात कमी बोलले जाते ते तिच्याबद्दल. सिरिंजपासून शिरेपर्यंत दीड मीटरची एक्स्टेंशन म्हणजे जोडनळी, थ्री-वे म्हणजे तीन तोंडांची तोटी आणि शिरेतल्या कॅथेटरची पोकळी मिळून साधारण एक ते दोन मिली द्रव मावतो. ताशी साडेचार मिली गतीने एक मिली पुढे सरकायला तेरा मिनिटे लागतात. याचे दोन परिणाम होतात. पहिला, सुरुवातीला नळी औषधाने भरून न घेता रुग्णाला जोडली, तर पंपाचा दिवा हिरवा असतो आणि शिरेत मात्र तेरा मिनिटे नुसते सलाईन जाते. मॉनिटरवर दाब ७० च्या खालीच. मग कोणीतरी गती पाचची दहा करतो, दहाची पंधरा. शेवटी औषध पोहोचते ते तिप्पट गतीने, आणि वरचा दाब दोनशेच्या पुढे जातो. दुसरा परिणाम याहून वाईट. त्याच नळीच्या थ्री-वेमधून कोणी अँटिबायोटिक ढकलले किंवा ‘लाईन चालू आहे का बघू’ म्हणून सलाईनने फ्लश केली, तर पोकळीत साठलेले ८० मायक्रोग्रॅम एका दमात हृदयाशी पोहोचतात. तेरा मिनिटांचा डोस दोन सेकंदांत. क्वाड स्ट्रेंथ असेल तर ३२० मायक्रोग्रॅम.

म्हणून सेंट्रल लाईनची, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घातलेल्या अनेक पोकळ्यांच्या नळीची, एक पोकळी फक्त याच औषधासाठी राखावी. त्यातून रक्त काढू नये, सीव्हीपी (मोठ्या शिरेतला दाब) मोजू नये, दुसरे औषध देऊ नये, फ्लश तर मुळीच करू नये. नळीच्या दोन्ही टोकांना, सिरिंजजवळ आणि रुग्णाजवळ, रंगीत पट्टी लावावी. अंगावर पाच-सहा नळ्यांचा गुंता असतो आणि घाईत हात सर्वात जवळच्या थ्री-वेकडे जातो. सोबत वाहते सलाईन जोडायचेच असेल तर त्या सलाईनच्या फाट्यावर एकाच दिशेने उघडणारी झडप लावावी. नाहीतर पुढे अडथळा आला की औषध उलटे सलाईनच्या नळीत चढते, आणि अडथळा निघाला की साठलेले सगळे एकदम आत जाते.

सेंट्रल लाईन नसेल तर थांबायचे का? तर नाही. सर्व्हायव्हिंग सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडू लागणे म्हणजे सेप्सिस) मोहिमेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सेंट्रल लाईनची वाट पाहत रक्तदाब खाली ठेवण्यापेक्षा हाताच्या शिरेतून थोड्या काळासाठी औषध सुरू करावे. तालुक्याच्या ठिकाणी हे फार मोलाचे आहे. पण अटी आहेत. शीर कोपराजवळची किंवा त्याच्या वरची हवी. मनगट, हाताचा पंजा, पाऊल नको. कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी) शक्यतो १८ किंवा २० गेजची, नुकतीच घातलेली, ओढल्यावर रक्त येणारी. औषध सिंगल स्ट्रेंथचे किंवा त्याहून पातळ. त्या हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही. पट्टा फुगला की प्रवाह थांबतो, सुटला की थांबलेले सगळे एकदम पुढे जाते, आणि शिरेवरचा ताण वाढून औषध बाहेर झिरपायची शक्यताही वाढते. कॅन्युलावरची पट्टी पारदर्शक असावी आणि दर तासाला टॉर्च घेऊन कातडी पाहावी. डोस चढत असेल किंवा औषध बराच काळ लागेलसे दिसत असेल तर सेंट्रल लाईनची तयारी लगेच सुरू करावी. शिरेबाहेर औषध जाऊन कातडी जळाल्याच्या प्रसिद्ध नोंदींत पंजा-मनगटाच्या शिरा आणि लांबलेला कालावधी हे दोन धागे पुन्हा पुन्हा दिसतात.

औषध बाहेर गेलेच, तर आधी कातडी पांढरी फटक आणि थंड पडते, रुग्ण शुद्धीत असेल तर दुखते म्हणतो. तेव्हा पंप थांबवायचा, पण दुसऱ्या शिरेतून औषध लगेच चालू करूनच. नाहीतर हात वाचवताना रुग्ण जाईल. कॅन्युला ओढून काढायची घाई करू नये. आधी तिच्यातूनच जमेल तेवढे औषध सिरिंजने परत खेचावे. फ्लश करू नये. बर्फ ठेवू नये. थंडीने वाहिन्या आणखी आवळतात, शेक उबदार हवा. उतारा म्हणजे फेंटोलामीन, ५ ते १० मिलिग्रॅम १० मिली सलाईनमध्ये, बारीक सुईने पांढऱ्या पडलेल्या भागात जागोजागी टोचायचे, जितके लवकर तितके बरे, पण बारा तासांच्या आत. आपल्याकडे फेंटोलामीन वेळेवर हाती लागणे कठीण. मग टर्ब्युटॅलीन १ मिलिग्रॅम १० मिली सलाईनमध्ये तसेच टोचतात, किंवा नायट्रोग्लिसरीनचे दोन टक्क्यांचे मलम लावतात, अर्थात मलमाने रक्तदाब आणखी उतरतो का हे पाहत. यांपैकी काहीतरी एक विभागाच्या फ्रिजमध्ये किंवा इमर्जन्सी ट्रॉलीत आधीच असावे. कातडी काळी पडल्यावर शोधाशोध करून उपयोग नसतो.

पंप हे यंत्र विश्वासाचे असले तरी त्याच्या खोडी माहीत हव्यात. सिरिंज बसवल्यावर पंपाचा दांडा आणि दट्ट्या यांच्यात बारीक फट राहते. ती भरून निघेपर्यंत औषध पुढे सरकत नाही. म्हणून बसवल्यावर रुग्णाला जोडण्याआधी पंपाच्याच पर्ज बटणाने नळीच्या टोकाला थेंब येईपर्यंत चालवावे, हाताने दाबून नव्हे. पंपाला सिरिंजची कंपनी आणि आकार सांगावा लागतो. ५० मिलीच्या सगळ्या सिरिंजचा व्यास सारखा नसतो. चुकीची कंपनी निवडली की पडद्यावर ५ आणि प्रत्यक्षात वेगळेच. पंप रुग्णाच्या हृदयाच्या साधारण पातळीत ठेवावा. चालू पंप खाटेवरून उचलून उंच स्टँडवर अडकवला तर थोडे औषध झटक्यात जाते, खाली ठेवला तर काही मिनिटे काहीच जात नाही. आणि ऑक्ल्यूजनचा अलार्म : ताशी दोन-तीन मिलीच्या गतीला नळी बंद झाल्यावर तो वाजायला पंधरा-वीस मिनिटे, कधी अधिकही लागू शकतात, कारण तेवढा दाब साचायला वेळ लागतो. तोवर रुग्णाचा दाब घसरलेला असतो. अलार्म वाजला की सहज प्रवृत्ती अशी की मुडपलेला हात सरळ करायचा आणि पुन्हा स्टार्ट दाबायचे. तसे केले की नळीत तुंबलेले औषध एकदम आत जाते. आधी थ्री-वे रुग्णाच्या बाजूने बंद करून हवेत उघडावा, तुंबलेला दाब बाहेर जाऊ द्यावा, मग अडथळा काढून जोडणी पुन्हा सुरू करावी. ही चार हालचालींची शिस्त नव्या मुलामुलींना पहिल्याच आठवड्यात हाताने करून दाखवायला हवी.

सिरिंज बदलणे हा दिवसातला सर्वात धोक्याचा क्षण. नॉरॲड्रिनॅलीनचा रक्तातला अर्धायुकाल दोन-अडीच मिनिटांचा आहे. जास्त डोसवर असलेल्या रुग्णाचा पुरवठा दोन मिनिटे तुटला तरी दाब कोसळू शकतो. म्हणून जुनी सिरिंज रिकामी व्हायच्या निदान अर्धा तास आधी नवी भरून, दुसऱ्या पंपावर चढवून, पर्ज करून, ठरलेल्या गतीने काही मिनिटे बाहेर गॉजवर चालू ठेवावी. मग ती थ्री-वेला जोडावी. वरचा दाब पाच-दहाने वर सरकू लागला की नवी पोहोचली असे समजून जुनी उतरवत बंद करावी. दोन्ही चालू असताना खाटेजवळून हलू नये. फोन आला म्हणून कोणी गेले आणि दोन्ही पंप दहा मिनिटे चालू राहिले की दाब कुठल्या कुठे जातो. दुसरा पंप नसेल तर नवी सिरिंज भरून, नळीसह तयार ठेवून, दोघांनी मिळून काही सेकंदांत अदलाबदल करावी. पाळी बदलण्याच्या वेळेत हे काम कधीच घेऊ नये.

पंपच नसेल तर? नसावा असे नाही, पण छोट्या शुश्रूषागृहांत नसतो हे वास्तव आहे. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४ मिलिग्रॅम बेस घातले की मिलीमागे ८ मायक्रोग्रॅम होतात. ६० किलोच्या रुग्णाला ०.१ चा डोस म्हणजे ताशी ४५ मिली. मायक्रोड्रिप सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिली होतो, म्हणून मिनिटाला ४५ थेंब. साध्या सेटमध्ये २० थेंबांचा एक मिली, तिथे मिनिटाला १५ च. साधा सेट लावून ४५ थेंब मोजले तर तिप्पट डोस. रुग्णाने कोपर वाकवले की थेंब बदलतात, बाटली रिकामी होत आली की पुन्हा बदलतात. म्हणून ही सोय रुग्णवाहिका येईपर्यंतची, मोजणारा माणूस शेजारी बसून असेल तेव्हाचीच.

आणि हे सगळे कशाच्या आधारावर चढवायचे-उतरवायचे? बहुतेक सेप्सिसच्या रुग्णांत सरासरी दाब ६५ ठेवावा अशी शिफारस आहे. खालच्या दाबाची दुप्पट अधिक वरचा दाब, भागिले तीन, ही सरासरी. ९० वर ५० असेल तर ती ६३ येते, ८४ वर ५६ असेल तर ६५. म्हणजे वरचा आकडा ८४ पाहून दचकायचे कारण नाही आणि ९० पाहून निर्धास्त व्हायचेही नाही. लठ्ठ दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटाच वर दिसतो. धमनीत लाईन असेल तर ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा भाग) हृदयाच्या पातळीत हवा. तो १० सेंटिमीटर खाली घसरला तर दाब सात-साडेसातने जास्त दिसतो. पडद्यावर ६५, खरे ५८. खाट वर-खाली केल्यावर तो पुन्हा पातळीत आणून शून्य तपासायचे राहून जाते, आणि रात्रभर डोस चुकीच्या आकड्याच्या मागे धावतो. आकड्यासोबत लघवी, हातापायांची ऊब, नखावर दाबून सोडल्यावर तीन सेकंदांत परतणारी लाली हेही पाहायचेच. ६५ गाठण्यापुरते औषध पुरे. ८०-८५ पर्यंत दाब ढकलून जीव जास्त वाचतात असे २०१४ च्या मोठ्या फ्रेंच अभ्यासात दिसले नाही. हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण मात्र वाढले. जुना रक्तदाबाचा विकार असलेल्यांत डायलिसिसची गरज कमी झाली, म्हणून त्यांच्यासाठी लक्ष्य थोडे वर ठेवायला जागा आहे.

बोटे काळी पडणे हा नातेवाइकांना हादरवणारा प्रकार. त्याला औषध कारण असते, पण एकटे नसते. मुळात शॉकमध्ये, म्हणजे दाब कोसळून अवयवांना रक्त कमी पडते तेव्हा, शरीर हातापायांचे रक्त आत ओढते आणि सेप्सिसमध्ये बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात. ‘इंजेक्शनने बोटे गेली’ आणि ‘इंजेक्शनचा काही संबंध नाही’ ही दोन्ही विधाने अर्धवट आहेत. ही शक्यता औषध वाढवतानाच सांगितलेली बरी.

रक्तवाहिन्या आवळणे हा प्रत्येक घसरलेल्या दाबावरचा उपाय नव्हे, हेही लिहायला हवे. बाळंतपणानंतर रक्त वाहत असेल तर रक्तच द्यायला हवे. नॉरॲडने आकडा सुधारतो आणि रक्तस्राव झाकला जातो. छातीत हवा दाबून बसली असेल तर ती काढावी लागते. डेंग्यूच्या शॉकमध्ये आधी मोजून द्रव. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशात तर शरीरात आधीच ॲड्रिनॅलीन-नॉरॲड्रिनॅलीनचा पूर आलेला असतो, वाहिन्या आवळलेल्या असतात; तिथे प्राझोसीनने त्या सैल करायच्या, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवून दिले. अशा रुग्णाला विचार न करता नॉरॲड लावणे म्हणजे आगीत तेल.

दुसऱ्या औषधांबद्दल फार लांबण लावत नाही. नॉरॲड ०.२५ ते ०.५ च्या दरम्यान पोहोचले की ते आणखी चढवण्याऐवजी व्हॅसोप्रेसीन हे वाहिन्या आवळणारे दुसरे औषध जोडावे अशी सर्व्हायव्हिंग सेप्सिसची २०२१ ची सूचना आहे. त्याचा डोस ठरलेला, मिनिटाला ०.०३ युनिट, २० युनिट ५० मिलीत घातले तर ताशी साडेचार मिली. ते नॉरॲडसारखे वरखाली करायचे नसते. डोपामीन अजून अनेक ठिकाणी पहिले औषध म्हणून वापरले जाते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत त्याने हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाण नॉरॲडपेक्षा स्पष्ट जास्त दिसले, तेव्हा ही सवय सोडायला हवी. शिवाय डोपामीन आणि डोब्युटामीन ही नावे फोनवर एकसारखी ऐकू येतात आणि कामे वेगळी. फोनवरची ऑर्डर लिहून घेऊन मोठ्याने परत वाचून दाखवावी. दाब चढवणाऱ्या फेनिलएफ्रिनची ॲम्प्यूल एका मिलीत १० मिलिग्रॅम असते आणि एका वेळचा डोस असतो ५० ते १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका ॲम्प्यूलमध्ये शंभर किंवा जास्त डोस. ती १०० मिलीच्या बाटलीत मिसळून, पट्टी लावूनच टेबलावर यावी. भूल देताना वापरले जाणारे मेफेंटरमाईन व्यायामशाळांत विकल्याच्या बातम्या आपल्या राज्यातून येतात. मॉनिटर आणि भूलतज्ज्ञ समोर असताना मोजून द्यायचे औषध आरशासमोर स्वतःला टोचून घेतले जाते, यावर अधिक काय लिहिणार.

शासनाकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. ॲम्प्यूलवर बेसचे प्रमाण मिलिग्रॅम प्रति मिली असे सर्वात मोठ्या अक्षरात असावे आणि क्षाराचा आकडा लहान. औषध लेबलांचे नियम केंद्राचे आहेत, पण राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने हा विषय तिकडे नेटाने मांडावा. राज्यातल्या सरकारी रुग्णालयांसाठी ५० मिलीत ४ आणि ८ मिलिग्रॅम अशी दोनच प्रमाणे ठरवावीत. खरेदीच्या निविदेत २ मिली की ४ मिलीची ॲम्प्यूल हे एकदाच ठरवून दोन्ही एका वॉर्डात येऊ देऊ नयेत. खासगी शुश्रूषागृहांच्या नोंदणीच्या तपासणीत अग्निशमनाच्या दाखल्यासोबत पंपाशेजारचा तक्ताही पाहावा. अतिदक्षता विभागात चढत्या डोसवरच्या रुग्णामागे एक परिचारिका हवी, हे सगळ्यांना माहीत आहे. चार रुग्णांमागे एक असताना दर तासाला टॉर्चने कातडी पाहा म्हणणे हा विनोद होईल.

रुग्ण हलवताना काय लिहावे याचा नमुना १०८ च्या रुग्णवाहिकांनी आणि सर्व रुग्णालयांनी एकच ठेवावा. औषधाचे नाव, बेस मिलिग्रॅम भागिले एकूण मिली, सध्याचा डोस मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, धरलेले वजन, ताशी मिली, कोणत्या पोकळीत किंवा कोणत्या शिरेत, ती कधी घातली, सिरिंज कधी संपणार, निघतानाचा सरासरी दाब आणि वेळ. सोबत भरलेली एक जादा सिरिंज आणि प्रवासाच्या दुप्पट वेळ टिकेल एवढी पंपाची बॅटरी, तीही निघण्याआधी प्लग काढून तपासलेली. पोहोचलेल्या रुग्णालयाने आपल्या प्रमाणाची सिरिंज तयार होईपर्यंत आलेली सिरिंज काढू नये.

आपले,
अतिदक्षता विभागांत काम करणारे काही डॉक्टर, परिचारिका व औषधनिर्माते
पुणे